मिक्सरमधली तीज

सागाला पांढरे तुरे आले की हल्ली माझं डोकं तापतं. आधी असं नव्हतं. आधी श्रावणात त्या तुऱ्यांकडे बघत मी स्कूटीवरून कॉलेजला जायची आणि वाटेत एखाद्या वेळी उगाच थांबायची. दिग्रसहून पुसदच्या दिशेनं निघालं की एका अंगाला टेकड्या लागतात, दुसऱ्या अंगाला काळं रान. रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला आलेली असते, तिला नुकत्या पात्या धरलेल्या असतात, कुठे बैल जुंपून तण काढायची डवरणी चाललेली असते. ढग असतात, पण पडायचं की नाही याचा विचार करत बसलेले. चिखलाचा, फवारणीच्या औषधाचा आणि भिजलेल्या शेणाचा असा एक मिळून वास येतो. तो कुणालाही आवडावा असं मी म्हणत नाही. मला आवडायचा.

यंदाही तो आला. बंजाऱ्यांच्या तांड्याच्या वळणावर मुलींचं गाणं ऐकू आलं. डोक्यावर पाण्याचे हंडे, पाय चिखलात, आणि एकीनं ओढलेला सूर दुसरी उचलतेय. म्हणजे तीज बसली होती. मी गाडी हळू केली तर पर्समधला फोन वाजला. मोहरील सरांचा निरोप होता. मोहरील सर आमच्याकडे वाणिज्य शिकवतात आणि कॉलेजच्या उद्योजकता कक्षाचे समन्वयक आहेत. निरोप असा : ‘मॅडम, शीतल आडेवर छानशी यशोगाथा लिहून द्या. विद्यापीठाला पाठवायची आहे. तुमची भाषा चांगली आहे. सोबत एक फोटो जोडा.’

भाषा चांगली आहे म्हणतात, तर चांगलीच वापरते.

कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तुमच्या तालुक्यातलं कॉलेज डोळ्यांपुढे आणलंत तरी चालेल. पुढे बाग, बागेत सुकलेलं कारंजं, कमानीवर फ्लेक्स आणि फ्लेक्सवर हसणारी माणसं. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मजुरी, नाही घेतला तर नाही, आणि उन्हाळ्यात मी कॉलेजची कुणीच नाही. दर वर्षी नव्यानं मुलाखत देते, दर वर्षी मला विचारतात की तुम्हाला शिकवण्याचा अनुभव आहे का, आणि दर वर्षी मी ‘आहे’ म्हणते. माझे वडील तहसील कचेरीत बाबू होते, आजोबा कोर्टात. आमच्या घरात कुणी कधी काही विकलेलं नाही. जुनी रद्दी विकतानासुद्धा आईला लाज वाटायची. तेव्हा धंद्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकते. पण बी कसं उगवतं हे मला कळतं.

आमची प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या अंगाला होती. तिच्या खिडक्या तांड्याकडे उघडायच्या. लाकडी उंच स्टुलं, बसलं की करकरणारी. फॉर्मॅलिनचा वास, त्यात मुलींच्या डोक्यांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास मिसळलेला. सॅफ्रनिनच्या रंगानं लाल झालेली बोटं घेऊन पोरं डबा खायची आणि घरी गेल्यावर आयांना वाटायचं, कापलं की काय. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की माझं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही. मग मी बोलायचं सोडून द्यायची आणि सगळे आपापल्या सूक्ष्मदर्शकावर वाकायचे. अशी शांतता मी दुसऱ्या कुठल्या वर्गात पाहिली नाही. कांद्याची पापुद्र्यासारखी साल काचेवर ठेवायची, नळी आधी खाली आणायची, मग डोळा लावून हलके हलके वर न्यायची. आणि एका क्षणी धुक्यातून विटांची भिंत वर यावी तशा पेशी वर येतात. त्या क्षणी पोरं ‘आई गं’ म्हणतात. बहुतेक सगळीच म्हणतात.

शीतल आडेला हा क्षण पाहिजे होता. ती तांड्यातली मुलगी. गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आली होती आणि तिला पुढे वनस्पतिशास्त्रातच एम.एस्सी. करायचं होतं. आधीच्या दोन वर्षांत कधी साथ, कधी निवडणुकीचं काम, कधी छताची गळती, असं करत प्रात्यक्षिकं बुडालेली. ‘मॅडम, या वर्षी तं होईन न?’ असं ती जूनपासून विचारत होती. मी छातीवर हात ठेवून ‘होईल’ म्हटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेचं उबवण केंद्र झालं, पोरांचे नवे धंदे उबवायचं.

तसा आदेश वरून आला होता. विद्यापीठानं आता समाजाकडे पाठ फिरवून बसायचं नाही, विद्यापीठानं उद्योजक घडवायचे, असं ठरलं होतं. वाक्य वाईट नाही. समाजाशी नातं जोडायला कोण नाही म्हणतो? पण आमच्याकडे आदेशाला खोली लागते. प्राचार्यांनी कॉलेजभर चक्कर मारली आणि सगळ्यांत हवेशीर खोली म्हणून प्रयोगशाळेवर बोट ठेवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा येतो, फीत कापून येतो. स्टुलं गेली, निळ्या फिरत्या खुर्च्या आल्या. भिंतीवर दिव्याचं चित्र आलं, कारण कल्पना म्हणजे दिवा. प्रोजेक्टरला अंधार पाहिजे म्हणून तांड्याकडच्या खिडक्यांवर आतून फ्लेक्स ठोकले. त्यावर मोठ्या अक्षरात : ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे बना’. सूक्ष्मदर्शक आपापल्या लाकडी पेट्यांत घालून भांडारात गेले, गॅदरिंगच्या पडद्यांखाली.

मी विचारलं, ‘सर, उबवायला आधी अंडं लागतं. ते कुठून आणणार?’

मोहरील सर हसले. ‘मॅडम, तुम्ही ना फार निगेटिव्ह बोलून राहिले.’

माणूस वाईट नाही. त्यांनाही वरून रोज फोन येतात, त्यांचाही मुलगा पदव्या घेऊन पुण्यात अर्ज करत फिरतोय. पण भल्या माणसाच्या हातून झालेलं नुकसान काही कमी भरत नाही. मला त्या भिंतीवरच्या वाक्याचा अजून संताप येतो. ज्या विद्यापीठाला स्वतःच्या रिकाम्या जागांवर मास्तर नेमता येत नाहीत, ते विशीच्या पोरांना सांगतं की तुम्ही नोकऱ्या द्या! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं? वाक्य लिहिणाऱ्याचा स्वतःचा पगार मात्र नोकरीतूनच येत असणार, महिन्याच्या महिन्याला.

त्या श्रावणात मी वर्गात अंकुरण शिकवत होते. प्रयोगशाळा नव्हती म्हणून म्हटलं, घरी दारी काय उगवतं ते सांगा. कुणी मोड आलेली मटकी सांगितली, कुणी कुजलेल्या गंजीत उगवलेलं सोयाबीन. शीतल उठली आणि म्हणाली, ‘आमच्याकडं तीज राह्यते मॅडम.’

मग तिनं सांगितलं. लग्न न झालेल्या पोरी नायकाची परवानगी घेतात. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. वारुळाची माती आणि शेळीच्या लेंड्या टोपलीत भरायच्या, भिजवलेला गहू त्यात पेरायचा, टोपल्या नायकाच्या अंगणातल्या माच्यावर मांडायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत पाणी आणायचं. जिची टोपली दाट तिचं कौतुक, जिची विरळ तिची दिवसभर चेष्टा. आणि गोकुळाष्टमीला ती तोडायची. तोडताना पोरी गळ्यात गळे घालून रडतात.

‘रडायचं काहून?’ मागून एका मुलानं विचारलं.

‘लग्न झालं का मंग तीज नाही टाकता येत,’ शीतल म्हणाली. ‘पुढच्या साली कोण राहीन, कोण नाही, कोणाले ठावं?’ मग ती म्हणाली, ‘तोडलेली पयले नायकाले द्यायची. तो फेट्यात खोवते. त्याच्या अगोदर कोणीच हात नाही लावत.’

मी फळ्यावर गव्हाचा दाणा काढत होते. दारात मोहरील सर उभे होते. कसलं तरी परिपत्रक घेऊन आले होते. त्यांचे डोळे चमकले. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, पण मला वाटलं, त्यांना तीज आवडली.

‘अहो, हे तर गव्हांकुर!’ ते म्हणाले. ‘शहरात लोक ज्यूस करून पितात याचा! शीतल, तुला माहीत आहे, तुझ्याकडं केवढी मोठी आयडिया आहे?’

असा शीतलचा धंदा सुरू झाला. म्हणजे तिच्याशिवाय बाकी सगळ्यांनी तो सुरू केला. विद्यापीठाचा नवउद्योजक मेळावा अष्टमीच्या आदल्या दिवशी होता आणि प्रत्येक कॉलेजला एक तरी उद्योग पाठवणं भाग होतं. नाव ठरलं ‘तांडा फ्रेश’. हिरवे गोल स्टिकर छापून आले. शीतल संस्थापक झाली, हे तिला स्टिकर वाचून कळलं. उबवण केंद्रात प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये गहू पेरला. खिडक्यांवर फ्लेक्स, पंखा बंद, दार बंद. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ट्रेवर करडी बुरशी चढली आणि खोलीत आंबूस वास सुटला. त्या खोलीत पूर्वी काय होतं हे आठवून मला हसूही आलं आणि कुणाच्या तरी डोक्यात एक ट्रे पालथा घालावासाही वाटला. त्या बुरशीचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता तर पोरांना तासभर पुरला असता. सूक्ष्मदर्शक पेटीत होता.

मेळावा तोंडावर आला तेव्हा सरांनी शीतलला बोलावलं. मी तिथेच होते.

‘तुझी टोपली आहे ना घरी? ती आण. फक्त स्टॉलवर मांडायला. ज्यूस आपण पावडरचा करू, तयार मिळते.’

‘सर, तीज आहे ती,’ मी म्हटलं. ‘तिचा दिवस ठरलेला असतो. ती जागची हलवू नका.’

‘अहो, एका दिवसाचा प्रश्न. संध्याकाळी परत जाईल. आणि बघ शीतल, स्टॉल चांगला झाला तर निधी येईल. निधी आला की मागची खोली बांधू, तुमची प्रयोगशाळा तिथे. सगळे सूक्ष्मदर्शक बाहेर.’

शीतलनं त्यांच्याकडे पाहिलं. ‘नक्की न सर?’

‘अगदी नक्की.’

घरी तिच्या आईनं, म्हणजे याडीनं, नायकाला जाऊन विचारलं. शिक्षणासाठी लागते म्हटल्यावर तो नाही म्हणाला नाही. याडी एवढंच म्हणाली, ‘ने बाई. पण उद्याच्या अगोदर माच्यावर पाह्यजे.’ आणखी एक मागणी सरांची होतीच. शीतलनं पोशाखात यायचं, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, घेराचा लहंगा, सगळं. पोरगी एरवी साधा पंजाबी ड्रेस घालते. याडीनं स्वतःच्या लग्नातलं काढून दिलं. जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर टोपली, आणि प्रत्येक खड्ड्याला टोपलीवर हात आडवा धरत होती. गहू दाट उगवला होता. फिकट हिरवा, कोवळा, एकसारखा. पाण्याचा थेंब पात्याच्या टोकाला थांबला होता आणि जीप हलली तरी पडत नव्हता. एवढी दाट टोपली तांड्यात दुसरी नव्हती, असं तिनं मला लाजत सांगितलं.

मेळाव्याचा मंडप मोठा होता. आत पंखे, लाल गालिचा आणि कानठळ्या बसवणारं संगीत. शेजारच्या स्टॉलवर दोन मुलं पापड विकत होती, जे त्यांच्या आया तशाही विकतच होत्या. पलीकडे एकानं सीताफळाच्या बियांची माळ केली होती. पोरांचा यात काय दोष? त्यांना वर्ग बुडाल्याचा आनंद होता आणि जेवण फुकट होतं. टाय लावलेले परीक्षक फिरत होते. त्यांतले एक शीतलसमोर थांबले आणि म्हणाले, ‘तुमचं रेव्हेन्यू मॉडेल काय?’

शीतल म्हणाली, ‘सर, हे तीज आहे. उद्या तोडतो. मंग नायकाले देतो.’

परीक्षकांनी मोहरील सरांकडे पाहिलं. सर घाईनं म्हणाले, ‘म्हणजे कम्युनिटी कनेक्ट, सर.’ परीक्षकांनी मान डोलावली आणि काही तरी लिहून घेतलं.

मग प्रमुख पाहुणे आले. मागे कॅमेरे, पुढे पुष्पगुच्छ. सरांनी पावडरचा हिरवा पेला पुढे केला. पाहुण्यांनी तो हुंगला आणि टोपलीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हे काय, समोर ताजं आहे की! ताजं करून पाजा ना आम्हाला.’

सगळे हसले. कात्री टेबलावर होती, फीत कापायला आणलेली. मोहरील सरांनी ती उचलली. शीतलनं दोन्ही हातांनी टोपली धरली. मी ‘सर’ म्हणून ओरडले. संगीतात ते कुणाला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलंही असेल. कात्री चालली. हिरवे झुपके मिक्सरमध्ये पडले, काळं मीठ पडलं, लिंबू पिळलं गेलं आणि मिक्सर घरघरला. पाहुण्यांनी घोटभर पिऊन तोंड वाकडं केलं, मग कॅमेरा आठवल्यावर ‘वा’ म्हणाले. उरलेलं कागदी पेल्यांतून वाटलं. एक पेला माझ्यापुढेही आला. मी तो घेतला नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

शीतल रडली नाही. तिचे हात टोपलीच्या कडांवर तसेच राहिले आणि फोटोंत ती टोपली प्रेमानं पुढे करत असल्यासारखी दिसते. तोच फोटो पुढे माहितीपत्रकावर आला.

परतीच्या जीपमध्ये सरांच्या मांडीवर चषक होता, दुसरा क्रमांक. शीतलच्या मांडीवर टोपली होती, खुरटलेल्या दाढीसारखे खुंट उरलेली. बाजूला कुणी तरी हिरवा स्टिकर डकवला होता. ती नखानं तो खरवडत होती. बांबूच्या विणीत डिंक घुसला होता, निघत नव्हता.

‘सर दाखवाले म्हणत होते न मॅडम?’ ती म्हणाली. वाटभर तिचं नख चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यात गेले. मला बोलावणं आधीपासून होतं, आणि नसतं तरी गेले असते. अंगणात चिखल, त्यावर टाकलेली वाळू, माच्यावर ओळीनं टोपल्या. पोरी गात होत्या आणि गाता गाताच त्यांचे आवाज फुटत होते. एकेक जण आपली तीज तोडून नायकापुढे धरायची, म्हातारा ती कपाळाला लावून पांढऱ्या फेट्यात खोवायचा. त्याच्या फेट्यावर हिरवं रान झालं होतं. शीतलची पाळी आली तेव्हा ती रिकामी टोपली घेऊन उभी राहिली. तिची धाकटी बहीण आपल्यातली मूठभर द्यायला पुढे झाली, तर शीतलनं मानेनंच नको म्हटलं.

नायकानं टोपलीत पाहिलं, स्टिकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘कॉलेजनं तोडली का तीज?’ तो म्हणाला. ‘मंग कॉलेजच्याच फेट्यात खोवा.’

त्यानं शीतलच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मला तिथल्या तिथे सांगावंसं वाटलं, बाबा, मी ते कॉलेज नव्हे, मला तर तिथे पुढच्या जूनचीही खात्री नाही. पण त्या अंगणात कॉलेजच्या वतीनं दुसरं कुणी आलेलंच नव्हतं, तेव्हा ते मीच ऐकून घेतलं.

नंतर याडीनं मला चहा दिला. ‘आमचे लोक लदेणी करे,’ ती म्हणाली. ‘बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य घेऊन कुठच्या कुठं जाये. धंदा तं आमाले जुना हाये मॅडम. पोरगी कॉलेजात कायले टाकली मंग? तुमच्यापाशी जे हाये ते शिकाले टाकली.’

ते वाक्य घेऊन मी घरी आले. आमच्यापाशी जे आहे, ते काय आहे? आमच्याकडे पेट्यांमध्ये भिंगं आहेत. बोंडात अळी शिरते ती नेमकी कुठून शिरते, हे शेजारच्या शेतातलं बोंड आणून पोरांना दाखवता आलं असतं. सीताफळं पुसदच्या रस्त्यावर टोपल्यांतच काळी पडतात, ती कशानं, हे बघता आलं असतं. त्यातून कुणाला उद्योग सुचला असता तर मीच हार घेऊन गेले असते. पण ज्या खोलीतून काही सुचायचं ती खोलीच तुम्ही सुचण्याच्या समारंभासाठी रिकामी केलीत. विद्यापीठानं बाजारात जाऊ नये असं नाही. जाताना निदान हातात काही तरी घेऊन जावं, लोकांच्या अंगणातली टोपली उचलून नव्हे. मला चीड येते ती याचीच. विकलं गेलं ते शीतलचं, चषक आला तो कॉलेजचा, आणि समाजाशी नातं जोडल्याचा अहवाल गेला तो विद्यापीठाचा.

मागची खोली बांधली गेली नाही हे सांगायला नको. चषक उबवण केंद्रातल्या कपाटात आहे; पूर्वी त्या कपाटात वनस्पतींचे वाळवलेले नमुने होते. शीतलची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिकं मी फळ्यावर घेतली. सूक्ष्मदर्शकात काय दिसलं असतं ते रंगीत खडूंनी काढून दाखवलं. पोरांनी ते वहीत उतरवलं, खाली ‘निरीक्षण’ असं लिहिलं. बाहेरून परीक्षक आले, चहा प्यायले, वह्या छान आहेत म्हणाले आणि सही करून गेले. शीतलला उत्तम गुण मिळाले. त्या गुणांवर तिला मोठ्या शहरात एम.एस्सी.ला प्रवेशही मिळाला. पेढे घेऊन ती घरी आली तेव्हा माझी आईसुद्धा खूश झाली. मोहरील सरांची यशोगाथा इथे संपत असणार.

मोहरील सरांच्या त्या निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी शीतलचा फोन आला.

‘मॅडम, बोलू का?’

‘बोल की गं.’

‘पयलं प्रॅक्टिकल झालं. मले फोकस नाही करता आला. नळी खालीच नेत गेली, काच फुटली. सगळे पाहत होते. सर म्हणे, तीन वर्षं काय केलं?’

‘मग? काय सांगितलंस?’

‘आमच्या इकडं मायक्रोस्कोप नव्हते, असं सांगतलं.’ मग ती म्हणाली, ‘खोटं बोलली मी. होते न. पेटीत होते.’

मी गॅस बंद केला. तिला म्हटलं, ‘तीज तोडायला येणार आहेस ना? आदल्या दिवशी नको, तोडल्यावर ये कॉलेजला. मी एक काढून ठेवते.’

‘सर देतीन का?’

‘विचारतंय कोण?’

भांडाराची किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर असते. मी ती घेतली. गॅदरिंगच्या पडद्यांखालून पेटी ओढून काढली, तेव्हा झुरळं पळाली. भिंगावर बुरशीची जाळी धरली होती. स्पिरिट लावून, मऊ फडक्यानं पुसत बसले. ऑफिसातल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं आणि फाइलमध्ये डोकं घातलं. पुढच्या जूनमध्ये मुलाखतीला हे निघेल, निघू दे. अनुभव आहे का म्हणून विचारतात ना, मग हाही एक सांगेन.

व्हरांड्यात टेबल मांडलं. आमचे सूक्ष्मदर्शक जुने, खाली आरसा असलेले. त्यांना वीज लागत नाही, आभाळाचा उजेड पुरतो. श्रावणातलं आभाळ त्याला फार चांगलं, मऊ आणि पांढरं. समोर टेकडीवर सागाचे तुरे होते. तांड्यातलं गाणं थांबलं होतं.

शीतल आली ती डोळे सुजवून. पळसाच्या पानात गुंडाळून तीज आणली होती. ‘टोपली माही, पाणी बहिणीचं,’ ती म्हणाली. यंदा गहू तिच्यासाठी बहिणीनं पेरला होता आणि याडी रोज माच्याशी बसून राखण करत होती. टोपली तीच, डिंकाचा डाग अजून गेलेला नाही. नायकानं फेट्यात खोवल्यावर आता वाटायला हरकत नव्हती. तिनं काही पाती माझ्या अंबाड्यात खोवली आणि म्हणाली, ‘तुमाले फेटा कुठं हाये?’ आम्ही दोघी हसलो. मग एक पातं तिनं बाजूला ठेवलं.

‘हे पाहू का मॅडम? आता तोडून झाली.’

‘बघ.’

ब्लेडनं पात्याची साल कशी सोडवायची ते दाखवलं. पहिली फाटली, दुसरी जाड आली, तिसरी काचेवर नीट बसली. नळी आधी बाजूनं बघत खाली आण, मग डोळा लाव, मग वर, नुसती वर, घाई नाही. तिचे खांदे ताठ झाले होते. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये चाक हळूहळू फिरत होतं. थांबलं. पुन्हा थोडं फिरलं. ‘आई गं’ म्हणाली नाही, फक्त तिचा दुसरा हात हवेत येऊन काही तरी धरल्यासारखा थांबला. मी सांगू लागले, ‘ओळीनं दिसतायत ना? डंबेलसारख्या पेशींच्या जोड्या, मध्ये फट...’

‘थांबा न मॅडम,’ ती म्हणाली. ‘मले पाहू द्या.’

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला. ‘अरे वा, अरे वा! संस्थापक आल्या!’ मोहरील सर फोन पुढे धरून येत होते. ‘मॅडम, हे तर फारच छान. आजी-माजी विद्यार्थी, नवसंशोधन. शीतल, जरा मान वर कर. थोडी हस. मागं बॅनर येऊ दे.’

शीतलनं मान वर केली नाही. डोळा तसाच भिंगाला, बोटं चाकावर.

‘फोटो नका काढू सर,’ ती म्हणाली. ‘मी शिकून राह्यली.’

म्हणून सोबत फोटो जोडलेला नाही.